रानजिरेनियम: अंगणातली तुरट मुळी

घोडेगावच्या आमच्या घरी फळीवर बाळहिरड्यांचा एक डबा कायम असायचा. कुणाचं तोंड आलं की आजी सहाणेवर हिरडा उगाळायची आणि तो लेप बोटाने गालाच्या आतून फिरवायची. जीभ आकसायची, गाल आत ओढले जायचे, आणि थोड्या वेळाने भाकरीचा तुकडा चावता यायचा. आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरात हिरडा गोळा करणं हा आदिवासी घरांचा मोठा आधार. आमच्याकडे तो दुकानातून आणल्याचं मला आठवत नाही. ओळखीच्या एक मावशी बाजाराच्या दिवशी ओच्यात बांधून आणायच्या.

तीच चव मला पुन्हा भेटली ती पेन्सिल्व्हेनियात, बक्स काउंटीतल्या आमच्या घरामागे. 2006 चा ऑक्टोबर होता. शेजारच्या आजीबाई ओकच्या झाडाखालचं एक रोप खणून त्याची वाटणी करत होत्या. बोटाएवढा, आल्यासारखा गाठीगाठींचा एक गड्डा त्यांनी माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, माझी आई हिला ॲलमरूट म्हणायची. ॲलम म्हणजे तुरटी; रोप होतं रानजिरेनियमचं. घरी येऊन नखाएवढा तुकडा धुतला, जिभेवर ठेवला आणि मी थेट आजीच्या माजघरात पोचले.

इंग्रजीत तुरटीला एक शब्द आणि तुरट चवीला दुसराच. आपल्याकडे दोन्ही एकाच घरातले. म्हणून मराठी माणसाला ही वनस्पती लवकर कळते असं मला वाटतं. ती जे काही करते ते तुरटपणाने करते, आणि जिथे तुरटपणा उपयोगाचा नाही तिथे तीही उपयोगाची नाही. एवढं मनात धरलं की कधी वापरायची आणि कधी हात लावायचा नाही, हे दोन्ही आपोआप लागतं.

तेव्हापासून ती माझ्या अंगणात आहे. दर वसंतात कुणी ना कुणी विचारतं, मी तुकडे वाटते आणि तेच तेच सांगते. यंदा सगळं एकदा नीट लिहून काढते.

आधी नावाचा घोळ मिटवू

जिरेनियम म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर दोन गोष्टी येतात. एक, खिडकीतल्या कुंडीतली लालभडक फुलं. दुसरी, गेल्या काही वर्षांत नगर-नाशिककडचे शेतकरी तेलासाठी लावतात ते सुगंधी जिरेनियम. गावाकडून फोन आला की माझा चुलतभाऊ हमखास विचारतो, तुझ्या जिरेनियमचं तेल किती निघतं? एक थेंबही नाही. ती दोन्ही झाडं पेलार्गोनियम, मूळची दक्षिण आफ्रिकेची. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1753 मध्ये ही सगळी जिरेनियम म्हणून एकाच टोपलीत टाकली होती. लेरितिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने 1789 मध्ये पेलार्गोनियम वेगळं काढलं, पण तोवर जुनं नाव माळ्यांच्या तोंडी बसलं होतं ते आजतागायत.

फरक ओळखायला सोपा आहे. पेलार्गोनियमच्या फुलात वरच्या दोन पाकळ्या खालच्या तिघींपेक्षा वेगळ्या दिसतात. खऱ्या जिरेनियमच्या पाचही पाकळ्या सारख्या. पेलार्गोनियम एका कडाक्याच्या थंडीत मरतं. आमचं रानजिरेनियम जमिनीखाली झोपतं आणि एप्रिलमध्ये उठतं.

तिचं शास्त्रीय नाव जिरेनियम मॅक्युलेटम. मॅक्युलेटम म्हणजे ठिपकेवाली. जुन्या पानांवर फिकट डाग पडतात त्यावरून. जिरेनियम हा शब्द ग्रीकमधला, सारसाच्या कुळातल्या पक्ष्यावरून आलेला, कारण फळाला त्याच्या चोचीसारखी लांब सरळ चोच असते. इंग्रजीत तिला क्रेन्सबिलही म्हणतात. ॲलमरूट हे नाव मात्र ह्यूकेरा नावाच्या दुसऱ्याच एका झाडालाही आहे, तेव्हा नर्सरीत शास्त्रीय नाव बघूनच रोप घ्या.

आणखी एक. व्यायामशाळेत जाणाऱ्या मुलांच्या पावडरींवर मधे ‘जिरेनियमचा अर्क’ असं छापलेलं असायचं. त्या नावाखाली डीएमएए नावाचं उत्तेजक विकलं जात होतं, आणि 2012 पासून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याविरुद्ध इशारे दिले. त्याचा या मुळीशी काही संबंध नाही. घरात तरुण मुलं असतील तर डब्यावरची अक्षरं वाचत जा.

रानात भेटायला जा, पण हात रिकामे घेऊन या

लावण्याआधी ती जिथे आपली आपण वाढते तिथे एकदा बघून या. कॅनडाच्या दक्षिण भागापासून जॉर्जियापर्यंत आणि पश्चिमेला ओक्लाहोमापर्यंत ती पसरलेली आहे. ओक आणि हिकरीच्या रानात, रानाच्या कडेला, ओढ्याच्या काठावर, जिथे झाड पडून उजेडाची खिडकी तयार झाली आहे तिथे. दाट काळोख तिला नको, दुपारचं तळपतं ऊनही नको. आमच्या बाजूला फिलाडेल्फिया शहराच्या पोटातच विसाहिकनची दरी आहे, तिथे मे महिन्यात पायवाटेच्या दोन्ही अंगांना दिसते. न्यू होपजवळ बोमन्स हिल वाइल्डफ्लॉवर प्रिझर्व्ह हे 1934 साली सुरू झालेलं रानफुलांचं उद्यान आहे. तिथे ती पाट्यांसकट बघायला मिळते आणि तिथल्या नर्सरीत देशी रोपं विकतही मिळतात.

जायचा काळ एप्रिलअखेर ते जूनची सुरुवात, आमच्याकडे मे महिन्याचा मध्य सगळ्यात चांगला. ओकची पानं अजून कोवळी असतात, ऊन जमिनीपर्यंत झिरपतं, आणि गुडघ्याच्या उंचीवर फिकट जांभळट-गुलाबी फुलं डोलत असतात. फूल साधारण इंचभर ते दीड इंच रुंद. पाकळ्यांवर बारीक रेघा असतात त्या नीट बघा: मधाकडे जायची वाट मधमाशीला त्यावरून कळते. फूल उमलल्यावर आधी दहा पुंकेसर पिकतात. ते परागकण देऊन झडायला लागले की मगच मधला स्त्रीकेसर पाच बोटांसारखा उघडतो. म्हणजे एकच फूल आधी नर आणि मग मादी. एकाच गुच्छात दोन्ही अवस्था दिसतात. भिंग असेल तर मुलांना दाखवा, माझी नात यावर अर्धा तास बसते.

पान हाताच्या पंजासारखं, पाच ते सात खोल भागांत फाटलेलं, कडा दातेरी, रुंदी चार-पाच इंच. बुडातली पानं लांब देठावर येतात. फुलांच्या दांड्यावर मात्र समोरासमोर पानांची एक जोडी असते. दांड्यावर बारीक लव असते.

इथे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. नुसतं पान बघून ही वनस्पती ओळखायची नाही. कॅनडा ॲनिमोनीचं पान जवळजवळ असंच दिसतं. बटरकपच्या अनेक जातींचंही. त्याच रानात उगवणारं रानटी लार्कस्पर विषारी आहे. आणि बचनागाच्या कुळातलं मंक्सहूड, जे लोक हौसेने बागेत लावतात, त्याचं पानही पंजासारखं फाटलेलं असतं आणि ते जीवघेणं आहे. बचनाग म्हटल्यावर आपल्याला वेगळं सांगायला नको. पाच सारख्या पाकळ्या आणि नंतर येणारी चोच, हे दोन्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय कोणत्याही झाडाची मुळी खणू नका, चाखू तर मुळीच नका. मी 2006 साली तुकडा जिभेवर ठेवला तो शेजारच्या आजीबाई चाळीस वर्षं ते झाड ओळखत होत्या म्हणून.

सरकारी उद्यानांत आणि राखीव रानांत झाडं उपटायला बंदी असते. बंदी नसली तरी उपटू नका. एका रोपाला अंगठ्याएवढा गड्डा व्हायला काही वर्षं जातात, आणि आपल्याला हवी तेवढी मुळी घरच्या दोन वाफ्यांत निघते.

रानात जाताना पाय झाकणारे कपडे घाला, मोजे पँटवर ओढा, आणि घरी आल्यावर अंगावर गोचीड आहे का बघा. आमच्याकडे हरणांच्या गोचिडीपासून लाइम रोग होतो. यात आळस करू नका.

अंगणात लावायची तर

आमची जमीन लाल शेलच्या खडकावरची, चिकट. पहिल्या वर्षी मी उत्साहाने पिशवीतलं खत घातलं आणि नुसती पानंच पानं आली, दांडे लोळले. रानातलं खत म्हणजे कुजलेला पाला. तिला तेवढंच हवं असतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ओकचा पाला गवत कापायच्या यंत्राने बारीक करा, कोपऱ्यात ढीग करून वर्षभर कुजू द्या आणि तो दोन इंच जाडीने वाफ्यात पसरा. थोडी आम्ल ते उदासीन माती तिला चालते. पाणी साचणारी जागा टाळा.

सकाळचं ऊन आणि दुपारची सावली, ही जागा सगळ्यात उत्तम. घराच्या पूर्वेची भिंत, किंवा पानझडी झाडाचं बूड. काळ्या अक्रोडाखाली बरीचशी झाडं जगत नाहीत, ही जगते. ज्यांच्या अंगणात तो वृक्ष आहे त्यांना हे कामाचं आहे.

लावायच्या दोन रीती. गड्डा लावणं सोपं. ऑक्टोबरमध्ये पानं पिवळी पडल्यावर, किंवा मार्चअखेर डोळे गुलाबी दिसू लागले की, रोप खणून काढा. माती झटका. हळदीच्या गड्ड्यासारखे सांधे दिसतील. धारदार सुरीने दोन-दोन इंचांचे तुकडे करा. प्रत्येक तुकड्याला निदान एक ठसठशीत डोळा आणि थोड्या मुळ्या हव्यात. तुकडा आडवा ठेवा, डोळा वर, आणि वर इंचभर माती. खोल गाडलात तर तो उजेडाकडे यायलाच दमतो. दोन तुकड्यांत फूट-दीड फूट अंतर. वर पाल्याचं पांघरूण. पहिल्या उन्हाळ्यात पाऊस नसेल तर आठवड्याला एकदा भरपूर पाणी; पुढे तिची ती सांभाळते.

बियांची रीत लांबची, पण मला मनापासून आवडते. फूल गळल्यावर चोच वाढते, हिरवी असते, मग तपकिरी होते. चोचीच्या बुडाशी पाच बिया, प्रत्येकीला एक ताणलेली पट्टी. चोच वाळली की पट्टी झटक्याने वर वळते आणि बी गोफणीतल्या दगडासारखी सुटते. एका जूनमध्ये मी झाडाखाली जुना पांढरा पलंगपोस अंथरून ठेवला होता. बिया आठ-नऊ फुटांवर पडलेल्या सापडल्या. उडून गेल्यावर चोचीच्या टोकाशी पाच वळलेल्या पट्ट्या लटकत राहतात, छोट्या हंडीझुंबरासारख्या. म्हणून बी हवं तर चोच तपकिरी व्हायच्या आधी त्यावर मलमलीची पुरचुंडी सैल बांधा. दहा-बारा दिवसांत बिया आत जमतात.

पहिल्या वेळी मी त्या बिया डबीत कोरड्या ठेवल्या आणि एप्रिलमध्ये पेरल्या. एकही उगवली नाही. तिला हिवाळा सोसावा लागतो, त्याशिवाय ती डोळा उघडत नाही. आता मी काढलेल्या बिया त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वाफ्यातच पेरते, पाव इंच मातीखाली, वर जाळी ठोकते म्हणजे खारी उकरत नाहीत. जागा नसेल तर ओलसर वाळूत मिसळून पिशवीत घालून फ्रिजमध्ये दोन ते तीन महिने ठेवा आणि मग कुंडीत पेरा. वाळू ओली हवी, चिखल नको. उगवल्यावर पहिली दोन दलं मूत्रपिंडाच्या आकाराची दिसतात. तण म्हणून उपटू नका. फूल यायला दोन-तीन वर्षं.

जुलै-ऑगस्टमध्ये कोरड पडली की पानं पिवळी पडून ती लवकर झोपते. मेली असं समजून कुणी जागा उकरू नका. मी प्रत्येक रोपाशेजारी एक चपटा दगड ठेवते. तिच्या शेजारी नेचे, रानफ्लॉक्स, व्हर्जिनिया ब्लूबेल असे रानातलेच सोबती लावा. ती झोपली की नेचे जागा भरून काढतात. लसूणमोहरी आणि जपानी स्टिल्टग्रास ही दोन बाहेरची तणं मात्र दिसताक्षणी, बी धरायच्या आत काढा. आमच्या मागच्या रानात गेल्या काही वर्षांत या दोघांनी जमीन झाकून टाकली आहे, आणि जिथे ती आहेत तिथे मला एकही रानजिरेनियम दिसत नाही. हरणं आमच्याकडे तिला बहुधा सोडून देतात. सशांना कोवळी पानं आवडतात, तेवढा एप्रिल महिना तारेचा टोप घालते.

आणि फवारणी नको. अँड्रेना डिस्टन्स नावाची एक लहानशी रानमाशी आहे. ती जमिनीत बीळ करून राहते आणि पिल्लांसाठी परागकण गोळा करते ते याच फुलांतून. हे फूल नसेल तर ती माशी नाही. माझ्या वाफ्यावर मे महिन्यात लहान काळसर माश्या येतात. ती हीच असं मी छातीठोक सांगणार नाही, पण वाफ्याच्या कडेची थोडी जमीन मी त्यांच्यासाठी उघडी, न खणलेली ठेवते.

मुळी आणि तिचा उपयोग

इथल्या मूळ लोकांनी ही वनस्पती शेकडो वर्षं वापरली आहे, आणि त्यांच्या उपयोगांच्या नोंदी वाचताना मला सतत आजीचा डबा आठवतो. चेरोकी लोक रानद्राक्षाबरोबर तिचा काढा करून तोंड आलेल्या लहान मुलांचं तोंड धुवायचे आणि जखमांनाही लावायचे. ओजिब्वे मुळीची वाळवलेली पूड तोंडाच्या फोडांना लावायचे. मेस्क्वाकींच्या औषधांत ती दुखऱ्या हिरड्यांसाठी आणि मूळव्याधीसाठी आहे. युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांनी त्यांच्याकडूनच शिकून मुळी दुधात उकळून मुलांना जुलाबांवर द्यायला सुरुवात केली. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या अधिकृत औषधकोशात तिची नोंद होती. जपानमध्ये हिचीच बहीण जिरेनियम थुनबर्गी जुलाबांवर घेतात, आणि तिचं नाव आहे गेन्नोशोको, म्हणजे ‘हा घ्या पुरावा’. आपल्याकडे हिमालयात जिरेनियम वॉलिचियानमची मुळीही अशीच तुरट म्हणून वापरतात. एवढ्या दूरदूरच्या लोकांनी एकमेकांना न विचारता एकाच कामासाठी एकाच कुळाची मुळी उचलली.

कारण टॅनिन, म्हणजे तुरट चव आणणारं द्रव्य. वाळलेल्या गड्ड्यात ते वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त असू शकतं. टॅनिन प्रथिनांना घट्ट धरतं. कातड्याचं चामडं होतं ते त्यामुळेच, आणि हिरडा परदेशी जायचा तो चामडं कमवायलाच. ओल्या, सुजलेल्या, स्रवणाऱ्या त्वचेवर ते पातळ आवरण धरतं, स्राव कमी होतो, टोचणी कमी होते. हिरडा, माजूफळ, बाभळीची साल, डाळिंबाची साल, कात, सगळे याच घराण्यातले.

मुळी काढायची तर रोप निदान तीन वर्षांचं हवं, आणि हंगाम शरदाचा. बी उडून गेलेली असते, पानं सुकलेली असतात. पूर्ण रोप उपटायचं नाही. गड्ड्याचा मागचा जुना भाग कापून घ्यायचा आणि डोळ्यांचं टोक तिथेच, त्याच दिवशी परत मातीत. दोन रोपांतून वाळून मूठभर मुळी मिळते, एका घराला वर्षभर पुष्कळ.

ब्रशने घासून धुवा, काळे पडलेले भाग काढा, नाण्याएवढ्या जाडीच्या चकत्या करा. ताज्या मुळीचा आतला भाग पांढरट असतो, हवा लागली की गुलाबी-तपकिरी होतो, घाबरू नका. सावलीत सुती कापडावर, किंवा सुकवणीयंत्रात 40 अंश सेल्सियसच्या आसपास. चकती वाकली नाही, कटकन मोडली, की झाली. काचेच्या बरणीत भरा, अंधारात ठेवा, बरणीवर झाडाचं नाव आणि तारीख लिहा. वर्ष उलटलं की उरलेली वाफ्यात टाकून द्या.

काढा करताना लोखंडाचं भांडं नको. टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की काळं होतं. केसांसाठी आवळा लोखंडी कढईत भिजवून काळा करतात ती हीच गोष्ट. पडताळून बघायचं असेल तर दोन चमचे काढ्यात एक गंजका खिळा टाकून ठेवा. तासाभरात शाई झालेली असते. माझ्या नातीने त्या शाईने आपलं नाव लिहून फ्रिजवर लावलं आहे.

माझं प्रमाण असं: वाळलेल्या चकत्यांचा भरडा एक चहाचा चमचा, पाणी एक कप. स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं. वस्त्रगाळ करा, कोमट होऊ द्या. तोंड आलं असेल, हिरड्या सुजल्या असतील, घसा खवखवत असेल तर एक घोट तोंडात अर्धा मिनिट फिरवून थुंकायचा. दिवसातून दोन-तीन वेळा, जास्तीत जास्त तीन दिवस. उरलेला काढा फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवसानंतर ओतून द्यायचा. नंतर साध्या पाण्याने चूळ भरा, नाहीतर दातांवर चहासारखा डाग बसतो. डास चावून खाजवलेल्या जागी याच काढ्यात बुडवलेली कापडाची घडी दहा मिनिटं ठेवली तर बरं वाटतं.

माझा वापर इथेच थांबतो. पोटात मी घेत नाही, कुणाला देतही नाही. इतकं टॅनिन पोटात गेलं तर मळमळ आणि बद्धकोष्ठ होतो, आणि अन्नातलं लोह अंगी लागत नाही. आपल्या बायकांचं हिमोग्लोबिन आधीच खाली असतं. गरोदरपणी, अंगावर पाजत असताना, किंवा रोजची औषधं चालू असतील तर ही मुळी नकोच.

लहान मुलांच्या जुलाबांबद्दल वेगळं लिहिते, कारण जुन्या नोंदी वाचून एका तरुण आईने मला दुधातल्या काढ्याचं प्रमाण विचारलं होतं. मी सांगितलं नाही. जुलाबात मूल दगावतं ते अंगातलं पाणी आणि क्षार गेल्यामुळे, आणि ते कुठलीही तुरट मुळी भरून देत नाही. ते भरून देते जलसंजीवनी, ओआरएस. 1971 साली बांगलादेशच्या निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला तेव्हा बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं हेच पाणी पिंपांतून वाटलं आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने खाली आणलं. घरात त्याची पाकिटं ठेवा, आणि मूल सुस्तावलं, लघवी कमी झाली, जुलाबात रक्त दिसलं तर डॉक्टरकडे पळा. माझ्या आजीलाही हे पाकीट मिळालं असतं तर तिने हिरड्याच्या डब्याशेजारी ठेवलं असतं.

भाजलेल्यावर लावू नका. 1925 नंतर काही वर्षं इस्पितळांत भाजलेल्यांवर टॅनिक ॲसिड लावत असत. ते रक्तात जाऊन यकृताला इजा करतं असं दिसल्यावर 1940 च्या दशकात ते बंद झालं. खोल जखमेवर घरची पूड टाकू नका, ती निर्जंतुक नसते. शौचावाटे रक्त जात असेल तर मूळव्याध समजून घरी शेकत बसू नका, तपासून घ्या. आणि तोंडातला फोड किंवा पांढरा चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही, विशेषतः तंबाखू खाणाऱ्या माणसाचा, तर गुळण्या थांबवून दाखवायला जा. आमच्या नात्यात एकाने सहा महिने हिरडा उगाळून लावला. डॉक्टरकडे गेला तेव्हा फार उशीर झाला होता.

महाराष्ट्रात ही वनस्पती लावायचा प्रयत्न करू नका, तिला लागते तशी लांब गोठवणारी थंडी तिथे नाही. तिथे हिरडा आहेच. ईशान्य अमेरिकेत, मध्यपश्चिमेत, ओंटारिओत राहणाऱ्यांनी जरूर लावा.

वाटायला तुकडे देताना मी ते ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळते, वर छिद्रं पाडलेली पिशवी. असे चार-पाच दिवस टिकतात. आत एक चिठ्ठी असते. शेजारच्या आजीबाई आता नाहीत, पण त्यांनी दिलेला गड्डा एव्हाना सतरा घरांत गेला आहे, आणि प्रत्येक चिठ्ठीवर पहिली ओळ त्यांच्या ओकच्या झाडाची असते. मग खणल्याची तारीख. मग हे: डोळा वर, माती इंचभर, खत नको, तीन वर्षं मुळीला हात नको. चूळ भरायला, पोटात नाही.